लंगडत होता पाय, दुखत होती मान

माझ्या घोडीच्या, मैनाच्या मानेबद्दल बरेच जण विचारतात. कुणाचा घोडा बांधलेल्या जागी मागे ओढून पडलेला असतो, कुणाच्या घोड्याचं पुढच्या पायाचं लंगडणं काही केल्या सापडत नसतं, तर प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. मी डॉक्टर नाही, घोडी माझी आहे आणि तिच्या मानेपायी मी बरीच वणवण केलीये एवढंच. त्यामुळे औषधांचे डोस वगैरे इथे मिळणार नाहीत, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

मैना कुमैत घोडी, तेव्हा वय ११, वजन ५०० किलोच्या आसपास. खरारा चालू होता, मागे काहीतरी धाडकन पडलं आणि ती दचकून मागे सरली. म्होरकी ताणली गेली, आणि डोक्यामागे दाब आला की घोडा अजून जोरात मागे ओढतो, तसंच झालं, मागच्या पायांवर जवळजवळ बसलीच, मग हुक तुटला आणि ती कुशीवर आडवी, मान आधी जमिनीवर. उठली लगेच. रक्त नाही, खरचटलंही नाही. मी म्हटलं सुटलो. पण आमचे सईस मामा तिच्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, आज हिला बाहेर काढू नका, मान बघा कशी धरलीये."

मान म्हणजे अगदी सरळ पुढे, खांद्याच्या उंचीला, ना वर ना खाली. जमिनीवरच्या टोपल्यातली चंदी तशीच पडून. गवतापर्यंत तोंड न्यायचं तर पुढचे दोन्ही पाय फाकवून सगळं अंगच खाली न्यायची. तीच चंदी मामांनी छातीच्या उंचीला धरली तर पाच मिनिटांत फस्त. म्हणजे भूक होती, मान खाली जात नव्हती. हा फरक लक्षात ठेवा, कारण घोडा खात नाही म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात पहिल्यांदा पोटदुखी येते.

डॉक्टर आले तर त्यांनी मानेला हातच लावला नाही आधी. नाक बघितलं, दोन्ही कान आतून बघितले, डोळे हलतायत का, डोकं एका बाजूला कलतंय का, जिभेत ताकद आहे का. मला कळेना. त्यांनी सांगितलं की घोडा मागे उलटला आणि डोक्याची मागची बाजू आपटली की कवटीच्या तळाशी चिकटलेले मानेचे स्नायू तिथलं हाड घेऊनच निघू शकतात, मग नाकातून किंवा कानातून रक्त, तोल जाणं, डोळे फडफडणं असं सगळं दिसतं आणि ती खरी इमर्जन्सी. मान दोन तास थांबू शकते, हे थांबू शकत नाही. मैनाला त्यातलं काही नव्हतं. मग मानेवर आले, एकेक मणका बोटांनी दाबत, आणि डाव्या बाजूला मानेच्या मध्याखाली तळहाताएवढ्या जागेत घाम सापडला, बाकी अंग कोरडं. नस दुखावली की घोड्याला तेवढ्याच पट्ट्यात घाम येतो म्हणे. मी ती जागा आधी बघितली होती पण पाणी उडालं असेल असं वाटलं होतं.

इथे मानेच्या रचनेबद्दल थोडं सांगते, कारण हे मला आधी माहीत असतं तर पुढचं बरंच लवकर समजलं असतं. मानेत मणके ७, माणसाला तेवढेच, जिराफालाही तेवढेच. पण ते मणके आयाळीच्या खाली नसतात! आयाळीखाली असतो तो जाड दोरासारखा बंध आणि चरबी. मणक्यांची रांग कानामागून निघते, मानेच्या मधून खाली खाली उतरत जाते आणि शेवटचे दोन मणके तर खांद्याच्या फऱ्यांच्या आत, भरपूर मांसाखाली दडलेले असतात. लोक प्रेमाने आयाळीच्या कडेला मालिश करतात आणि म्हणतात मणके मोकळे केले, तिथे मणका नाहीच. प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्ये वरच्या अंगाला डावा-उजवा असा एकेक छोटा सांधा असतो, कौलं जशी एकावर एक थोडी चढवलेली असतात तसा, त्याला फॅसेट जॉइंट म्हणतात. मानेचे मणके वरून खाली सी १ ते सी ७ असे मोजतात, आणि मोठ्या वयाच्या घोड्यांत सी ५-सी ६ आणि सी ६-सी ७ इथले हे सांधे सगळ्यात जास्त झिजतात, सुजतात. आणि मानेतून नसांच्या ८ जोड्या निघतात, त्यातल्या शेवटच्या तीन आणि छातीच्या पहिल्या दोन मिळून पुढच्या पायाची सगळी वायरिंग होते. म्हणजे मानेच्या बुडाशी सांधा सुजला, शेजारची नस दाबली गेली, तर दुखतं मानेत आणि लंगडतो पाय. माझ्या घोडीची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे पण ते कळेपर्यंत बराच वेळ गेला.

पोर्टेबल मशीनवर एक्स-रे काढले. फ्रॅक्चर नाही. डॉक्टरांनी स्वतःच सांगितलं की वरचे पाच मणके नीट दिसतायत, खालचे दोन या मशीनच्या आवाक्याबाहेर आहेत, खांद्याच्या मांसातून किरण जायला ताकद पुरत नाही, त्यामुळे "तिथे काही नाही" असं मी लिहून देणार नाही. हे वाक्य मला फार आवडलं, आणि पुढे कामालाही आलं.

पहिल्या काही आठवड्यांचा इलाज साधाच होता. स्टॉलमध्ये आराम, सूज कमी करायला ब्यूट म्हणजे फिनाइलब्युटाझोन, तेही मोजून आणि थोडेच दिवस, कारण त्याने पोटात अल्सर होतात, मोठ्या आतड्याला आणि किडनीला त्रास होतो. खरी मेहनत मामांची होती. चंदी आणि पाणी छातीच्या उंचीला. गवत सुटं, जाळीत अजिबात नाही, कारण जाळीतून गवत उपसताना घोडा मानेला झटके देतो. बांधणं पूर्ण बंद, खरारासुद्धा मोकळ्या दोरीवर, एकाने धरायचं एकाने करायचं. मानेत इंजेक्शन नको असंही डॉक्टर म्हणाले, लस असेल तर पुढे ढकला किंवा दुसरीकडे द्या, कारण टोचल्या जागी गाठ आली तर मान त्याने आखडलीये की मूळ दुखण्याने हे कळणार नाही. आणि कुणी येऊन मान कडाकडा मोडून देतो म्हणालं तर गेटबाहेरच थांबवा, खालचे मणके नीट बघून होईपर्यंत. एकजण खरंच आला होता. मामांनीच परत पाठवला.

घोडी सुधारली. मान खाली जायला लागली, घाम बंद झाला, हातात धरून चालवणं सुरू झालं, मग हळूहळू खोगीर. आणि मग ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, डावा पुढचा पाय आखडायला लागला. रोज नाही. लंजवर, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवत, मोकळी पळवली तर जवळजवळ ठीक, वर बसून लगाम थोडा आखूड घेतला की पाऊल लहान, कधी तर दोन-चार पावलं उडी मारल्यासारखी, मग परत सरळ. डोकं दर वेळी हलायचंच असंही नाही. नालवाल्याने खूर तपासले, काही नाही. मग नर्व्ह ब्लॉक.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, ब्लॉक म्हणजे पायाच्या खालपासून सुरुवात करून एकेक टप्पा बधिर करत वर जायचं आणि प्रत्येक वेळी पळवून बघायचं. ज्या टप्प्याला लंगडणं थांबेल तिथे दुखणं. अर्धा दिवस जातो यात. मैनाचा खूर बधिर केला, फरक नाही. मग घोटा, मग गुडघ्याखालचा भाग, अजून वर, तरी फरक नाही. पाय जवळजवळ सगळा बधिर आणि घोडी तशीच. त्या दिवशी सगळे वैतागले होते, पण आता विचार करते तर तो दिवस वाया गेला नव्हता, पाय निर्दोष सुटला होता. ब्लॉकने न थांबणारं पुढच्या पायाचं लंगडणं आणि त्यात मानेवर पडल्याचा इतिहास, एवढं एकत्र आलं की मानेचा खालचा भाग बघायलाच हवा.

त्यातच मामांनी अजून एक गोष्ट आणली. म्हणाले, "ताई, सिमेंटवरून नेताना मागून आवाज येतो, आधी नव्हता." मागच्या पायांचा. नालवाल्याला विचारलं तर तो म्हणाला मागच्या नालांचं टोक घासून चपटं झालंय. म्हणजे ती मागचे खूर उचलायच्या ऐवजी ओढत होती, आणि आम्ही सगळे पुढचा डावा बघत होतो.

हे ऐकल्यावर डॉक्टरांचा सूर बदलला. आता नुसता सांधा दुखतोय की मज्जारज्जूपर्यंत गेलंय हा प्रश्न होता, आणि तो सुटेपर्यंत वर कुणीही बसायचं नाही. सांधा दुखणारा घोडा चिडतो, अडतो. मज्जारज्जू दाबलेला घोडा बसलेल्या माणसासकट कोसळू शकतो, कारण आपला पाय कुठे आहे हे त्याचं त्यालाच कळत नसतं. मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं ठरलं.

तिथली न्यूरॉलॉजिकल तपासणी हा या सगळ्यातला मला सगळ्यात पटलेला भाग. मशीन काही नाही, एक दोरी, एक उतार आणि बघणारा डोळा. भुलीचं किंवा शांत करायचं इंजेक्शन याआधी द्यायचं नाही, कारण त्याने कुठलाही चांगला घोडा डुलतो, म्हणून एक्स-रे नंतर आणि ही तपासणी आधी, क्रम उलटा झाला तर तपासणीला अर्थ नाही. आधी सरळ चालवलं. मग अगदी लहान गोलात, दोन्ही बाजूंनी, बाहेरचा मागचा पाय किती लांबून फेकते ते बघत. मग मागे मागे. मग डोकं उंच धरून चालवलं, मग तेच उतारावर वर आणि खाली. चालता चालता एकाने शेपूट बाजूला ओढली, चांगला घोडा लगेच अंग सावरतो, कमजोर घोडा ओढला जातो. मैना उजवीकडे ओढल्यावर सावरायला जरा उशीर करत होती, आणि डोकं उंच धरून उतरताना मागचे पाय एकदा एकमेकांत गेले.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी एक गोष्ट सांगितली ती मी प्रत्येकाला सांगते: लंगडणारा घोडा दर पावलाला सारखाच लंगडतो, तोल गेलेला घोडा दर पाऊल वेगळं टाकतो. हे ऐकून मी माझे जुने व्हिडिओ परत बघितले आणि फरक आपोआप दिसायला लागला.

तोल किती बिघडलाय याची ग्रेड ० ते ५ अशी असते. ० म्हणजे नॉर्मल, १ म्हणजे अशा खास तपासण्यांतच कळेल इतकं, २ म्हणजे साधं चालतानाही जाणकाराला दिसेल, ३ म्हणजे कुणालाही दिसेल, ४ म्हणजे पडायच्या बेतात, ५ म्हणजे उठताच येत नाही. मैना मागच्या पायांत १, पुढच्या पायांत शून्यच्या जवळ. मला वाटलं मानेत दुखणं तर पुढचे पाय जास्त बिघडायला हवेत, पण उलट असतं, मागच्या पायांच्या नसांचे मार्ग मज्जारज्जूत बाहेरच्या कडेला असतात, दाब आला की आधी ते भरडले जातात. म्हणून मानेच्या दुखण्यात मागचे पाय बहुतेक वेळा पुढच्यांपेक्षा एक ग्रेड वाईट.

रक्तही घेतलं. तोल जाणारा प्रत्येक घोडा मानेचा नसतो. हर्पीस व्हायरस ईएचव्ही-१ ने पण तोल जातो, त्यात ताप असतो, लघवी गळते, शेपूट लुळी पडते. व्हिटॅमिन ई कमी असलं तर तरुण घोड्यांत मज्जारज्जूच खराब होतो. अमेरिकेकडच्या घोड्यांत ईपीएम नावाचा परजीवीचा आजार असतो. आणि तोल गेलेल्या जनावरात रेबीज डोक्यात ठेवावाच लागतो, लस झाली असली तरी हातमोजे घालून तोंडात हात घाला, हे त्यांनी मामांना दोनदा सांगितलं.

मग एक्स-रे. मोठं मशीन, घोडी उभी, झोपेच्या इंजेक्शनवर, डोकं स्टँडवर टेकवलेलं, धातूची म्होरकी काढून दोरीची घातलेली कारण कडी फोटोत येते. डोकं जरा जरी वाकडं असलं तरी फोटो फुकट. बाजूने काढलेल्या फोटोत डावा आणि उजवा सांधा एकावर एक येतो म्हणून तिरके फोटोही काढतात. मज्जारज्जूच्या नळीची उंची आणि त्याच मणक्याच्या हाडाची उंची यांचं गुणोत्तर काढतात. एकाच हाडावरची दोन मापं असल्यामुळे फोटो किती मोठा आला याने फरक पडत नाही, हे मला हुशारीचं वाटलं. सी ४ ते सी ६ ला ५२ टक्क्यांच्या खाली आणि सी ७ ला ५६ च्या खाली गेलं की नळी अरुंद असल्याचा संशय बळावतो. मैनाचे सगळे आकडे त्याच्या वर आले. पण सी ६-सी ७ चा सांधा दोन्ही बाजूंनी मोठा झालेला, डावीकडे जास्त, कडा खडबडीत.

मी म्हटलं झालं, सापडलं. मॅडम म्हणाल्या थांबा. काहीही त्रास नसलेल्या, मजेत पळणाऱ्या घोड्यांच्या मानेचे फोटो काढले तरी सी ६-सी ७ असाच दिसणारे पुष्कळ निघतात. फोटोत झीज दिसली म्हणजे दुखणं तिथलंच असं होत नाही. आणि एवढी झीज एका पडण्याने काही महिन्यांत होत नाही, ती आधीपासून हळूहळू होत असणार, पडण्याने शांत बसलेला सांधा जागा झाला असेल. म्हणजे पडली नसती तर कदाचित आम्हाला कधी कळलंही नसतं.

मग अल्ट्रासाउंड केला, डाव्या सांध्यात पाणी साचलेलं, कड जाड, शेजारच्या मल्टिफिडस नावाच्या स्नायूची डावी बाजू उजवीपेक्षा बारीक. आता मात्र लंगडणारी बाजू, घामाची बाजू, फोटोतली जास्त खराब बाजू आणि वाळलेला स्नायू सगळं डावीकडे जुळलं. एकेकट्याने काही सिद्ध होत नव्हतं.

सीटी स्कॅनबद्दल बोलणं झालं. उभ्या घोड्याचं डोकं आणि वरची मान बऱ्याच मशीनमध्ये जाते, पण मानेच्या बुडाला खांदे अडतात, त्याला मोठ्या तोंडाचं मशीन आणि बहुतेक वेळा पूर्ण भूल लागते. मायलोग्राममध्येही भूल देऊन मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात रंग सोडतात आणि मान वाकवून-ताणून फोटो काढतात, कुठे दाब येतो ते त्यात दिसतं. पण भुलीतून उठताना घोडा धडपडतो, आणि तोल कमी असलेला घोडा धडपडला तर जे वाचवायला गेलो तेच मोडायची भीती. ऑपरेशनचा विचार असेल तर ही जोखीम घ्यायलाच लागते, कारण नेमकी जागा कळल्याशिवाय कापता येत नाही. आमचं १ ग्रेडवर ऑपरेशन कुणीच सुचवत नव्हतं, मग उत्तर मिळूनही वेगळं काय करणार होतो? नाही केलं.

ऑपरेशनबद्दल थोडं, कारण लोकांना वाटतं घोड्याच्या मणक्याचं ऑपरेशन होतच नाही. होतं. मानेच्या खालच्या अंगाने जाऊन दोन मणक्यांच्या मध्ये धातूची जाळीदार नळी बसवतात आणि दोन्ही मणके एकमेकांना जुळू देतात, हलणं थांबलं की दाब हळूहळू कमी होतो. बॅग्बी नावाच्या माणसांच्या हाडांच्या सर्जनने ही नळी आधी घोड्यांसाठी केली आणि नंतर त्याच कल्पनेतून माणसांच्या कण्यात बसवायचे केज आले. १९७७ ला अमेरिकेतल्या तीन मोठ्या शर्यतींचा ट्रिपल क्राउन जिंकलेला सिएटल स्ल्यू नावाचा घोडा, त्याच्या म्हातारपणी २००० मध्ये मानेचं असंच ऑपरेशन झालं, २००२ मध्ये परत करावं लागलं. यशस्वी झालं तरी साधारण एक-दोन ग्रेड सुधारणा धरायची आणि सहा महिने ते वर्षभर वाट बघायची. म्हणजे ग्रेड ४ चा घोडा त्यानंतर शर्यत पळेल असं कुणी सांगितलं तर जरा सांभाळून. आणि वेगाने वाढलेल्या मोठ्या हाडाच्या शिंगरांत जे वॉबलर (तोल जाऊन डुलत चालणं) होतं, वरच्या-मधल्या मणक्यांत मान वाकवली की नळी दबते, ते आमच्यापेक्षा वेगळं प्रकरण आहे, त्यांचा इलाज माझ्या अनुभवावरून ठरवू नका.

आम्ही सांध्यात स्टिरॉइड दिलं, सी ६-सी ७ ला दोन्ही बाजूंनी, अल्ट्रासाउंडवर बघत. आधी इन्सुलिन तपासलं, कारण जाड किंवा हार्मोनचा त्रास असलेल्या घोड्यात स्टिरॉइडने लॅमिनायटिस, म्हणजे खुरांच्या आतली सूज, होऊ शकतो आणि मान वाचवता वाचवता खूर जातील. केस भादरले, ऑपरेशनसारखं धुतलं, लांब सुई स्क्रीनवर बघत बघत सांध्यापर्यंत. मी विचारलं की पायासारखं इथेही बधिर करून का नाही बघत, आधी खात्री होईल. तर बधिर करायचं औषध तिथून मज्जारज्जूकडे झिरपलं तर घोडा उभ्या उभ्या कोसळू शकतो म्हणून सहसा करत नाहीत. म्हणजे इंजेक्शन हाच इलाज आणि हीच परीक्षा, फरक पडला तर दुखणं तिथलं होतं असं म्हणायचं. मला हे थोडं अर्धवट वाटतं अजूनही, पण दुसरा मार्ग नव्हता.

काही दिवस आराम, मग हातात धरून चालणं. दोन-तीन आठवड्यांत पाय मोकळा झाला. एका रात्रीत नाही, आणि मला आधी विश्वासच बसेना म्हणून मी दर वेळी त्याच जागी, त्याच बाजूने व्हिडिओ काढत होते.

यानंतरचा भाग कंटाळवाणा आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. इंजेक्शनने सूज जाते, वाळलेला स्नायू परत येत नाही. मल्टिफिडस मणक्यांना लगटून असतो आणि ते जागेवर धरून ठेवतो, दुखण्याने तो झोपला की दुखणं गेल्यावरही आपोआप जागा होत नाही. त्यासाठी गाजराचे व्यायाम. हनुवटी छातीकडे, मग गुडघ्यांच्या मध्ये, बऱ्याच उशिरा घोट्यांपर्यंत, मग बाजूने तंगाकडे (खोगिराच्या पोटपट्ट्याकडे), मग कुशीकडे. काही सेकंद तिथेच धरायचं. गाजर हिसकावून पळू द्यायचं नाही. आणि कान एका पातळीत राहिले पाहिजेत, कान वाकडे झाले म्हणजे घोडा मान वळवायच्या ऐवजी डोकं तिरकं करून फसवतोय. मैना फसवण्यात पटाईत. पहिले दिवस तिला भिंतीला लावून उभी करायचो, तोल जाऊ नये म्हणून. संशोधनातही असे व्यायाम ३ महिने नेमाने केल्यावर पाठीतला मल्टिफिडस जाड झालेला मोजून दाखवलाय, त्यामुळे दोन आठवड्यांत काही दिसलं नाही म्हणून सोडू नका.

जोडीला सरळ रेषेत चालणं, मग जमिनीवर ठेवलेले पोल, मग थोडे उचललेले, मग सौम्य चढ. लहान गोलात लंज बंद. साइड रेन, म्हणजे तोंडापासून तंगापर्यंत बांधायचे पट्टे, तर तबेल्यातूनच काढून टाकले. वर बसल्यावर सुरुवातीला लांब लगाम, मान पुढे-खाली सोडून, हनुवटी छातीला चिकटवून चालवणं या मानेला तरी कायमचं बंद. खोगीर परत बसवून घेतलं, कारण डाव्या खांद्यामागचं मांस कमी झाल्यामुळे ते एका बाजूला सरकत होतं, आणि खोगीर सरकलं की घोडी परत वाकडी, परत मान आखडलेली. चंदी आता परत जमिनीवर. छातीची उंची फक्त दुखत असतानाची सोय, घोडा मान खाली घालून चरायलाच बनलाय आणि वरून खाल्लं की धूळही नाकात जास्त जाते.

बांधायची पद्धत बदलली. थेट कडीला दोरी नाही, मध्ये तुटेल अशी सुतळी, आणि डोक्यावर दाब आला की पुढे यायचं हे मामांनी तिला पहिल्यापासून परत शिकवलं. हे कुठल्याही घोड्याला शिकवा, मान दुखत नसली तरी.

सध्या ती वॉक, ट्रॉट, कँटर अशा सगळ्या चाली चालते, उड्या बंद. ग्रेड मागच्या तपासणीला ० आणि १ च्या मध्ये कुठेतरी, दोन डॉक्टरांचं त्यावर एकमत नव्हतं. दमली की अजूनही सिमेंटवर मागचा खूर कधीकधी घासतो. इंजेक्शनचा परिणाम काही महिने टिकतो, काही घोड्यांना परत लागतं, आमचं दुसरं कधी द्यायचं यावर चर्चा चालू आहे. माझं म्हणणं पाय परत आखडायला लागेपर्यंत थांबू, मॅडमचं म्हणणं तोवर स्नायू परत झोपेल, त्याआधीच देऊ, आणि मला वाटतं त्यांचंच बरोबर ठरेल. ग्रेड २ झाली की खोगीर उतरवायचं, हे मात्र आधीच ठरलंय, घरच्यांनाही सांगून ठेवलंय. भाची विचारत असते मी कधी बसू, तिला म्हटलं पुढची तपासणी होऊ दे, तोवर गाजरं तू धर.